भावाच्या नावाच्या गोळ्या

विजयनगर, मैसूर
१२ जून १९८५

अक्का, पाया पडतो.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. कारण सांगतो, हसू नकोस. माझ्या पोटाला शेवटी नाव मिळालं.

तुला ठाऊकच आहे, क्लॅरिनेट हातात घेऊन बँडात उभा राहिलो की माझ्या पोटात पीळ पडतो आणि लगेच जावं लागतं. मागचे काही दसरे मी गुडघा दुखतो म्हणून सांगून मिरवणुकीतून सुटका करून घेतली. आमचे बँडमास्तर नागोजीराव बिचारे दर वेळी तेलाची बाटली पाठवतात. गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नाही हे फक्त वनजाला माहीत. ती या वेळी चिडली. म्हणाली, "बँडला फसवाल, बायकोला गप्प बसवाल, पोटाला काय सांगणार?" आणि मला धरून सरस्वतीपुरम्‌ला डॉक्टर अंबुजांकडे घेऊन गेली.

बाई फार बारकाईनं बघतात. रक्त तपासलं, शौच तपासलं, क्ष-किरण काढले. जखम नाही, गाठ नाही, जंत नाहीत. आतडं चिडकं आहे म्हणाल्या. म्हणजे बाकी सगळं ठीक, पण आतडं स्वल्प कारणानं आखडतं. त्यासाठी गोळी दिली आहे. जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून तीनदा. महिन्यानं परत दाखवायचं.

गंमत म्हणजे गोळी लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, डोळ्यांत काचबिंदू आहे का? डोळ्यांचा दाब कधी वाढला होता का? लघवी अडते का? दुसरी काय औषधं चालू आहेत? मी सगळ्याला नाही म्हटलं. दुखतं पोट आणि चौकशी डोळ्यांची! वनजाला म्हटलं, या बाईंनी उद्या माझी कुंडली मागितली तरी मला नवल वाटणार नाही.

पण गोळी लागू पडली, अक्का. काल लग्नाच्या वरातीत शेवटपर्यंत वाजवलं.

तुझा
मनोहर

•

सांगली
२४ जून १९८५

चि. मनोहर,

तुझं पत्र सुनेकडून, वरलक्ष्मीकडून, एकदा वाचून घेतलं आणि नंतर स्वतः एकदा वाचलं. वरातीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला हेच होतं, मला हेच आहे. तिला बिचारीला कोणी नावसुद्धा सांगितलं नाही.

माझं तुला कधी नीट सांगितलं नाही. इथून मिरजेपर्यंत एसटीनं जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशी मी जेवत नाही. कीर्तनाला गेले तर दाराशी बसते. मैसूरला यायचं किती वर्षं टाळते आहे, तुला वाटत असेल अक्काला माहेर नकोसं झालं. गाडीतल्या त्या डब्याची आणि बंद दाराची मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

इथल्या डॉक्टरांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "आजी, मनाचं आहे, नामस्मरण करा." पुन्हा गेले नाही.

तुझ्या त्या गोळीचं नाव कळव. नाहीतर थोड्या गोळ्याच पाठव. तुमच्या मैसूरचे संताजीराव आषाढात कोल्हापूरला अंबाबाईला येणार आहेत असं वरलक्ष्मीच्या माहेरून कळलं. त्यांच्याबरोबर दिल्यास तर मिळतील. नव्या डॉक्टरापुढे या वयात पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसायला नको वाटतं.

तुझी अक्का,
जयलक्ष्मी

•

विजयनगर, मैसूर
५ जुलै १९८५

अक्का, नमस्कार करतो.

संताजीरावांबरोबर गोळ्या पाठवल्या आहेत, तुला महिनाभर पुरतील. चिठ्ठी माझ्या नावाची आहे, पण पोट आपल्या दोघांना एकाच आईनं दिलेलं. दुकानदारानं दोन महिन्यांचं औषध एकदम दिलं, काही विचारलं नाही.

जेवणाआधी अर्धा तास घे. तोंड कोरडं पडतं, ते चालायचंच. माझं इतकं कोरडं पडतं की क्लॅरिनेटच्या तोंडातल्या पट्टीला ओठ चिकटतो आणि वरचा स्वर किंचाळतो. शिकायला येणारी पोरं हसतात. पण पोटातल्या पिळापेक्षा किंचाळलेला स्वर परवडला.

बरी हो आणि या दसऱ्याला ये. नागोजीरावांना मी अजून हो म्हटलेलं नाही. तू येणार असशील तर म्हणतो.

मनोहर

•

सांगली
२ ऑगस्ट १९८५

चि. मनोहर,

गोळ्या मिळाल्या. संताजीराव स्वतः घरी येऊन देऊन गेले. पहिले काही दिवस एकच घेतली, आता सकाळ-संध्याकाळ घेते. पोट शांत आहे. परवा कीर्तनात खांबाजवळ, अगदी मध्यभागी बसले आणि आरतीपर्यंत उठले नाही. वरलक्ष्मी सारखी मागे वळून बघत होती, मी गेले की काय म्हणून.

दसऱ्याला येते. मुलगा तिकिटं काढतो आहे. सूनही येईल सोबत.

आणखी एक सांगायचं. हल्ली संध्याकाळी देवापुढं निरांजन लावलं की ज्योतीभोवती रंगांचं कडं दिसतं. आत निळं, बाहेर तांबडं. रस्त्यावरच्या दिव्यालाही तसंच. सकाळी उठल्यावर काही नसतं. वरलक्ष्मी म्हणते, चष्मा पुसा. पण मला वाटलं, इतकी वर्षं ज्या देवापुढं दिवा लावला त्यानं आता थोडं काही दाखवायला सुरुवात केली असेल. तुला हसू येईल. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

तोंड मात्र माझंही कोरडं पडतं.

अक्का

•

विजयनगर, मैसूर
१२ ऑगस्ट १९८५

अक्का,

तू येणार हे वाचून वनजानं लगेच गादी उन्हात टाकली. नागोजीरावांना हो म्हणून टाकलं. ते म्हणाले, "माझ्या तेलानं गुण आला, नाही का?" मी सुम्मने, म्हणजे उगीच, मान हलवली.

हसू कशाला येईल? आपल्या घरात तुझ्याइतकं देवाचं कोणी केलं नाही. आईलाही शेवटी शेवटी समईत काहीबाही दिसायचं. ज्याला दिसतं त्याला दिसतं.

पण गोळ्या तू दोनच का घेतेस? मला तीन सांगितल्या आहेत. प्रवासापर्यंत पोट पक्कं व्हायला हवं. तूही तीन घे.

मनोहर

•

सांगली
२६ ऑगस्ट १९८५

चि. मनोहर,

थोडक्यात लिहिते, डोकं दुखतं आहे. आठ-दहा दिवस झाले, तीन गोळ्या घेते. पोट ठीक, पण संध्याकाळी मळमळतं आणि उजव्या भुवईवर ठणकतं. पित्त असेल. डोळ्यांपुढं धुकं आल्यासारखं होतं, ओळी वरखाली जातात, समजून घे. मळमळ म्हणजे पोटाचंच ना? म्हणून काल एक गोळी जास्त घेतली. संपत आल्या होत्या, रिकामं पाकीट दाखवलं तर इथल्या दुकानातही मिळाल्या.

प्रवासाआधी बरी होईन.

अक्का

•

तार
मैसूर, ३१ ऑगस्ट १९८५

अक्काच्या गोळ्या ताबडतोब बंद करा. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पोट नव्हे, डोळे. मनोहर

•

विजयनगर, मैसूर
३१ ऑगस्ट १९८५

चि. सौ. वरलक्ष्मी,

तार मिळाली असेल. वाचून तुम्ही गोंधळात पडला असाल, म्हणून लिहितो.

आज मी डॉक्टरांकडे गेलो होतो. महिन्यानं जायचं होतं, बरं वाटतं म्हणून टाळत होतो. आज गेलो तेही तोंड कोरडं पडतं म्हणून, दसऱ्यात स्वर लागेल की नाही या काळजीनं. त्यांनी गोळी थोडी कमी करून दिली. उठता उठता मी म्हटलं, "माझ्या अक्कालाही तुमच्या गोळीनं गुण आला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अक्काला कोणी दिली?"

"मीच. आमचं होट्टे सारखंच आहे." होट्टे म्हणजे पोट, तुला कळेलच.

"वय काय? डोळे कसे आहेत?"

मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, डोळे उत्तम, उलट हल्ली तिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. भक्ती फार आहे.

त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा. हळू सांगा."

मी सांगितलं. डोकेदुखी, मळमळ, धुकं, आजच सकाळी आलेल्या पत्रातलं सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. सांगलीला फोन आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातात कागद दिला आणि तार कशी लिहायची ते सांगितलं. म्हणाल्या, ही गोळी काही लोकांच्या डोळ्यांत दाब एकदम वाढवते. मळमळ पोटाची नाही, डोळ्याची आहे. तासाचासुद्धा उशीर चालणार नाही.

काय झालं ते लगेच कळव. मी तारघरातूनच लिहितो आहे.

मनोहरमामा

•

मिरज
५ सप्टेंबर १९८५

मामा,

तुमची तार शनिवारी दुपारी आली. त्याआधीचं सांगते.

सकाळपासून आईंना उलट्या होत होत्या. उजवा डोळा लालभडक झाला होता आणि कपाळ धरून त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी पोटाचंच समजले. त्यांनी मागितली म्हणून मीच गोळी दिली. यांना पोटाच्या डॉक्टरांना आणायला पाठवणार, तेवढ्यात पोस्टमन आला.

तार दोनदा वाचली. मग रिक्षा केली आणि थेट मिरज गाठली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्यानं पाहिलं आणि लगेच भरती करून घेतलं. शिरेतून औषध, डोळ्यांत थेंब, गोळ्या. दाब उतरायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मग शस्त्रक्रिया केली, डोळ्यातल्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला वाट मिळते. डाव्यालाही पुढच्या आठवड्यात तसंच करणार, कारण त्याचीही ठेवण तशीच आहे.

मामा, लपवत नाही. उजव्या डोळ्यानं आता फक्त हात हलवलेला कळतो. त्याहून जास्त परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. डावा वाचला आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, पोटाचा इलाज करत बसला असता तर दोन्ही गेले असते.

आई तुमच्याबद्दल काही बोलत नाहीत. कोणाबद्दलच बोलत नाहीत. दसऱ्याची तिकिटं आम्ही रद्द केली.

तुमची
वरलक्ष्मी

•

विजयनगर, मैसूर
१५ सप्टेंबर १९८५

अक्का,

हे पत्र वरलक्ष्मी तुला वाचून दाखवेल. तू दिव्याचं लिहिलंस तेव्हा मी भक्ती म्हटलं. आणि वर तुला तीन घ्यायलाही मीच सांगितलं. तुझा डोळा मी घालवला. याच्यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

माझ्या गोळ्या मी टाकून दिल्या. ज्यानं तुझा डोळा गेला ते खाऊन मी सुखानं वाजवायचं, हे माझ्यानं होणार नाही. नागोजीरावांना दसऱ्याला नाही म्हणून सांगितलं आहे. पोट पुन्हा सुरू झालं आहे. होऊ दे. वनजा माझ्याशी बोलत नाही.

मनोहर

•

सांगली
२८ सप्टेंबर १९८५

मनोहर,

अक्षर वरलक्ष्मीचं, बोलणं माझं. तिला सांगितलं आहे, मी बोलेन तसंच लिही, गोड करू नकोस.

तू माझ्यावर मेहेरबानी करतो आहेस असं तुला वाटतं का? माझा डोळा गेला, त्याच्या बदल्यात तू पोटात पीळ घेऊन बसणार. त्यानं मला काय मिळालं? मला काय दिसायला लागलं?

आता ऐक. तुझ्या पहिल्या पत्रात होतं, डॉक्टरांनी डोळ्यांचं विचारलं. ते वाक्य मी वाचलं आणि थांबले होते. चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, बाई, तुमच्या डोळ्यांची ठेवण अशी आहे की दाब एकदम चढू शकतो, कुठलंही नवं औषध घेण्याआधी हे सांगत जा. मी ते कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुझी गोळी मला दिली नसती, आणि मला तर ती हवी होती. मला कीर्तनात मध्यभागी बसायचं होतं. तेव्हा सगळं आपल्याकडे घेऊ नकोस. तू न विचारता दिलंस, मी न सांगता घेतलं.

ती गोळी विष नाही. ती तुझ्यासाठी तपासून, विचारून दिलेली होती. माझ्यासाठी कोणी तपासलं नव्हतं. एवढाच फरक आहे आणि तो पुष्कळ आहे.

डॉक्टरांकडे जा. औषध आपल्या मनानं बंद केलं म्हणून कबूल कर. त्या सांगतील तेवढं घे, सांगतील तेव्हा घे. आणि दसऱ्याला वाजव. मी आले नाही तरी.

जयलक्ष्मी

(मामा, बोलताना आई मध्येच रडल्या. ते लिहू नकोस म्हणाल्या, पण मी लिहिते. – वरलक्ष्मी)

•

विजयनगर, मैसूर
२६ ऑक्टोबर १९८५

अक्का, पाया पडतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. बंद केलं होतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिक्षा औषधाला दिलीत की स्वतःला?" पुन्हा तपासून त्यांनी कमी केलेलीच मात्रा सुरू ठेवली. खाण्यापिण्याचंही सांगितलं, तिखट कमी, कॉफी कमी. वनजानं कॉफीचं ऐकलं आणि लगेच माझ्याशी बोलायला लागली.

मिरवणुकीच्या दिवशीचं सांगतो.

सकाळी गणवेश चढवला आणि हात गोळ्यांच्या डबीकडे गेला. मनात आलं, आजच्या दिवस दोन घेऊ, पोट दगडासारखं राहील. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की या गोळीनं घाम कमी येतो, उन्हात चालताना जास्त घेतली तर चक्कर येऊन पडाल. एकच घेतली. मग नागोजीरावांकडे गेलो आणि म्हटलं, "सर, माझा गुडघा कधीच दुखत नव्हता." सगळं सांगितलं. वाटेत बँड थांबेल तेव्हा मला रांगेबाहेर पडावं लागेल, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "अय्यो मनोहर, इतकं तेल फुकट घालवलंस?" आणि मला रांगेत कडेला उभं केलं, पटकन बाहेर पडता येईल असं.

सयाजीराव रस्त्यावर पीळ आलाच. गोळी घेतली म्हणून पोट काही आपलं गुलाम होत नाही. बँड थांबला तसा मी एका कापडाच्या दुकानात शिरलो, मालकाला खरं काय ते सांगितलं. त्यानं मागचं दार दाखवलं. परत आलो तेव्हा बँड शंभर पावलं पुढे गेला होता. गणवेशात, हातात क्लॅरिनेट घेऊन मी गर्दीच्या कडेनं धावलो. लोक हसले. परवागिल्ला, हरकत नाही, हसू देत. कडेला माझी जागा मोकळी होती. तिथं शिरलो आणि पुढच्या ओळीपासून सूर धरला. मिरवणूक संपते त्या बन्नीमंटपापर्यंत वाजवलं.

सगळे स्वर नीट लागले असं म्हणणार नाही.

मनोहर

•

सांगली
११ डिसेंबर १९८५

चि. मनोहर,

हे माझ्या हातानं लिहिते आहे. ओळी उजवीकडे उतरतात, तिकडची कड दिसत नाही. चहा ओतताना पहिले दिवस बशीबाहेर सांडत असे, आता बोट लावून ओतते.

माझ्या पोटाचं इथल्या एका नव्या डॉक्टरांना दाखवलं. मिरजेचे सगळे कागद पुढे ठेवले. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून वेगळं औषध दिलं आहे. तुझ्या गोळीइतका झटपट गुण नाही. कीर्तनाला पुन्हा दाराशी बसते. बसते पण.

लिहायचं कारण वेगळं आहे. शेजारच्या गोदूबाई तुला आठवत असतील, आमच्या भिंतीला भिंत. परवा त्या आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "जयाबाई, तुमच्या त्या नव्या गोळ्यांतल्या चार द्या. माझंही पोट तुमच्यासारखंच."

मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, "चार गोळ्यांनी तुम्ही गरीब होणार आहात का?" मी त्यांना काहीच समजावलं नाही. म्हटलं, "चप्पल घाला. मी येते बरोबर."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच चप्पल घालून दारात उभ्या.

डॉक्टरांकडे मी त्यांच्या शेजारी बसले. ते विचारत होते, त्या सांगत होत्या. पोट कधीपासून दुखतं, काय खाल्लं की दुखतं, माझंच सगळं ऐकते आहे असं वाटत होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, वजन उतरलं आहे का, शौचातून रक्त जातं का? गोदूबाई पदराची कड बोटांना गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सांगा, गोदूबाई. सगळं सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून जात होतं. घरात कोणालाही ठाऊक नव्हतं.

उद्या त्यांना तपासायला मिरजेला न्यायचं आहे. सकाळची एसटी आहे. त्यांच्याबरोबर मी जाते आहे.

तुझी
अक्का